घरचे यंत्र : न सुटणारा ब्रेक

या सदरातून आजवर विहिरीवरचा पंप, शिवणयंत्र, मिक्सर, गॅसची शेगडी अशा नाना वस्तूंच्या दुखण्यांविषयी लिहिले. मोटारगाडीविषयी लिहिण्याचे मात्र टाळत आलो होतो. शिवणयंत्र बिघडले तर फार तर एखादी शिवण उसवते. मोटारीचे तसे नाही. तिच्याविषयी अर्धवट लिहिणे हे न लिहिण्यापेक्षा वाईट, अशी माझी समजूत आहे. परंतु यंदाच्या पावसाळ्यात जो प्रसंग घडला, त्यानंतर गप्प बसणे योग्य वाटेना. त्या प्रसंगात माझ्या हातून एक नव्हे, दोन चुका झाल्या. त्या ओघात येतीलच.

आषाढ संपता संपता वहिनींना ओंकारेश्वराला जायचे होते. आमच्या थोरल्या बंधूंच्या पश्चात त्या वर्षातून एकदा तरी नर्मदेचे दर्शन घेतात आणि गाडी चालवण्याचे काम माझ्याकडे असते. बरोबर माझी नात होती. इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. सिमरोल मागे पडले की माळव्याचे पठार सरू लागते आणि भेरूघाटाच्या वळणांनी रस्ता खाली निमाडात उतरतो. पावसाची भुरभुर होती, डोंगर हिरवागार झाला होता, आणि नात खिडकीतून धबधबे मोजत होती.

घाट निम्मा उतरलो असू. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काहीतरी करपल्याचा वास येतोय."

"पुढे ट्रक आहेत ना," मी म्हणालो, "त्यांच्या ब्रेकचा असेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ट्रक मघाच मागे पडला. वास आपल्याबरोबर येतोय."

ही माझी पहिली चूक. पन्नास वर्षे गाडी चालवल्याचा अभिमान माणसाच्या नाकात असा काही बसतो, की त्याला दुसऱ्या कशाचा वास येत नाही. आणखी दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला तो पेडल नेहमीपेक्षा बरेच खोल गेले, आणि पायाखाली काही घट्ट लागण्याऐवजी ओल्या स्पंजावर पाय द्यावा तसे वाटले. त्या क्षणी छातीत जे झाले ते लिहून सांगण्यासारखे नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिनाने तिला धरले, पेडल दोन-तीनदा झटपट दाबल्यावर थोडा जोर आला, आणि एका रुंद जागी डोंगराच्या अंगाला गाडी उभी राहिली. चाकाला दगड लावून मगच दोघींना खाली उतरवले.

चारही चाकांपाशी हाताचा मागचा भाग नेऊन पाहिला. पुढची दोन्ही चाके गरम होती, उतारावर असतात तशी. उजवे मागचे कोमट. डाव्या मागच्या चाकाजवळ मात्र हात नेववेना. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब चाकाच्या धातूवर टाकले, ते तव्यावर पडल्यासारखे चुर्र करून उडाले. (चार थेंबच टाकावेत. तापलेल्या तबकडीवर बाटलीभर गार पाणी ओतले तर ती वाकडी होण्याचा किंवा तडकण्याचा संभव असतो.) त्या दोघींना बसने बडवाहला पाठवले, गाडी उचलून नेणारे वाहन इंदूरहून फोन करून मागवले, आणि मी दगडावर बसून राहिलो. चाक निवल्यावर तशीच हळूहळू गाडी न्यावी असा मोह झाला होता. तो मोह ज्याला होईल त्याने पुढचा हिशेब वाचावा.

माणसांसह १,४०० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी शक्ती मोकळी होते, ती सारी ब्रेकमध्ये जिरवली तर तिच्यावर सुमारे चार लिटर गार पाणी उकळीला येईल. साधारणपणे ही उष्णता चार चाकांत वाटली जाते, बरीचशी इंजिनही पोटात घेते, आणि उतार संपला की वाऱ्याने चाके निवतात. पण एक चाक ब्रेक सोडतच नसेल, तर त्याला निवायला उसंतच नाही. उतारावर ते तापते, सपाटीवर तापते आणि चढावरही तापते, कारण तिथे इंजिन त्या ब्रेकविरुद्ध गाडी ओढत असते. ही उष्णता दट्ट्यातून ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही. मागच्या एका चाकाच्या हट्टापायी सगळ्या गाडीचा ब्रेक जाऊ शकतो तो असा.

आता या ब्रेकची रचना थोडी पाहू, म्हणजे निदान करणे सोपे जाईल. आमच्या पिढीने हात साफ केला तो पद्मिनीवर. तिच्या चारही चाकांना ड्रम. आत अर्धवर्तुळाकार दोन शू, आणि पाय काढताच त्यांना मागे ओढणाऱ्या दणकट स्प्रिंगा. आजही पुष्कळशा लहान गाड्यांना मागे ड्रमच असतात, आणि ज्यांच्या गाडीला ते असतील त्यांनी हा लेख शेजाऱ्याला द्यावा. परंतु अलीकडे मागेही तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांतील दट्ट्याला पायाखालच्या दाबानंतर मागे ओढणारी स्प्रिंग नसते. मग तो मागे येतो कसा? दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो तेव्हा हे कडे आपली खाच न सोडता नुसते तिरपे होते. दाब गेला की पुन्हा सरळ होते, आणि सरळ होताना दट्ट्याला केसभर मागे घेते. तो केसभर म्हणजे मिलिमीटरचा एक छोटासा अंश. सारे सुटणे त्या अंशावर अवलंबून. एवढ्याशा मागे येण्याला गंजाचा एक कणही आडवा येऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हे ब्रेक चिकटतात याचे नवल न वाटता रोज सुटतात याचेच वाटू लागते.

दट्ट्या बहुधा एकच असतो आणि तो तबकडीच्या आतल्या अंगाला असतो. बाहेरचा पॅड दाबण्याचे काम कॅलिपरचे शरीर करते. दट्ट्याने आतला पॅड तबकडीवर टेकवला की त्याला पुढे जायला जागा उरत नाही. तेव्हा उलट कॅलिपरच आतल्या बाजूला सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून तबकडीवर आणते. चिमट्याचे एक पाते हलावे आणि त्यामुळे दुसरेही हलावे, तसे. हे सरकणे होते दोन पिनांवर. करंगळीएवढ्या जाड, गुळगुळीत, रबरी बूट घातलेल्या या दोन पिना सहज सरकल्या पाहिजेत. मागच्या कॅलिपरचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकही त्याच्यावरच काम करतो. कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी भुजा असते. केबल तिला ओढते, भुजा फिरते, आणि दट्ट्याच्या पोटातला एक स्क्रू दट्ट्याला पुढे ढकलतो. पुढच्या चाकांना हा उद्योग नसतो, म्हणून मागच्या कॅलिपरची दुखणी पुढच्याहून निराळी आणि थोडी अधिक.

तात्पर्य, ब्रेक धरून ठेवणारे संशयित मुख्यतः चार : हँडब्रेकची केबल किंवा तिची भुजा, नळीत कोंडलेला तेलाचा दाब, सरकत्या पिना, आणि दट्ट्या स्वतः. क्वचित पॅडच आपल्या खाचेत गंजाने अडकतो, पण तो डोळ्यांना दिसतो. चौघांची लक्षणे बाहेरून एकच : तापलेले चाक, करपल्याचा वास, पेट्रोल जास्त लागणे, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थबकणे, एकाच चाकावर काळी भुकटी अधिक जमणे. म्हणून नुसत्या लक्षणांवरून कोणा एकावर आरोप ठेवणे हा अन्याय होय, आणि तो अन्याय आपल्याकडे नित्य होतो.

आमचे उस्ताद गाडीखाली डोकावून आले आणि हात पुसत म्हणाले, "बाबूजी, कॅलिपर ही गया. नया डलवा लो, झंझट खतम." नव्या कॅलिपरची किंमत ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसलो. उस्ताद प्रामाणिक मनुष्य आहेत. त्यांची घाईही मला कळत होती, कारण बाहेर पाच गाड्या उभ्या होत्या. पण मी त्यांच्याकडे अर्धा तास मागितला आणि त्यांनी तो दिला.

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना मागून-पुढून अडण्या लावल्या, कारण तपासणीसाठी हँडब्रेक सोडावा लागतो आणि मग गाडीला धरणारे दुसरे काही नसते. मागचा भाग उचलून तो लोखंडी स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. हे वाक्य छापता छापता झिजले आहे, तरी पुन्हा लिहितो. उजवे चाक हाताने फिरवले, सळसळ आवाज करीत दीड-दोन फेरे फिरले. डावे दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा वीतभर सरकले. रोग निवल्यावरही कायम होता, ही एका परीने सोय. काही ब्रेक तापल्यावरच चिकटतात, आणि मग गाडी चार-सहा किलोमीटर फिरवून, ब्रेकला शक्य तितका हात न लावता परत आणून, लगोलग उचलून पाहावी लागते.

पहिली पाळी केबलची. मागच्या ब्रेकच्या बाबतीत सर्वांत जास्त गुन्हे हिच्या नावावर असतात. केबल ज्या आवरणातून जाते त्यात पावसाचे पाणी शिरते, आतली तार गंजते, आणि हँडब्रेक सोडला तरी तार मागे सरकत नाही. कॅलिपरच्या पाठीवरील भुजा आपल्या थांब्याला टेकलेली आहे की मध्येच लोंबते आहे, हे आधी पाहावे. नंतर केबल भुजेवरून काढून घ्यावी. चाक मोकळे झाले तर केबल दोषी. केबल काढूनही भुजा हाताने मागे जात नसेल, तर तिचा दांडाच आत गंजलेला आहे, आणि तिथे मात्र कॅलिपर बदलणेच बहुधा शहाणपणाचे. आमची भुजा थांब्याला नीट टेकलेली होती. केबल काढली, चाक होते तसेच घट्ट.

दुसरी पाळी तेलाच्या दाबाची. कॅलिपरवर हवा काढण्याचे एक निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवून दुसरे टोक बाटलीत सोडले आणि निपल पाव फेरा सैल केले. या क्षणी तेल जोराने उडाले आणि चाक सुटले, तर दोष कॅलिपरचा नव्हेच. तेल आत अडकून पडले होते, असा त्याचा अर्थ. चाकाजवळची रबरी होज नळी जुनी झाली की तिचे आतले अस्तर सुजते. पायाचा जोर तेलाला पुढे लोटतो, पण परत येताना ते नुसत्या रबरी कड्याच्या बळावर यायचे असते आणि वाट सापडत नाही. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. असा संशय आला तर नळीच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपचा सांधा सैल करून पाहावा. तिथे सैल केल्याने चाक सुटले तर अडथळा त्याहून वर, मास्टर सिलिंडरकडे. आणि तिथे सैल करून न सुटता निपलपाशी सुटले तर ती नळीच चोर. नळी बदलायला हवी असताना लोक नवे कॅलिपर बसवून घेतात आणि महिन्याभरात पुन्हा त्याच दारात येतात, ते या एका पाव फेऱ्याच्या आळसाने. आमच्या निपलातून तेल संथ पाझरले. चाक तसेच.

उस्तादांची भुवई थोडी वर गेली होती. आता त्यांनाच उत्सुकता वाटू लागली असावी, कारण पाना त्यांनी माझ्या हातून स्वतःकडे घेतला.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढून ते उचलले. ते होज नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधून ठेवावे. पॅड हातात आले तेव्हा आतला बराच जाड होता, बाहेरचा मात्र झिजून पत्र्याला टेकायला आला होता, तोही खालच्या टोकाला अधिक. ही खूण बोलकी आहे. दट्ट्या मागे येत नसेल तर आतला पॅड जास्त झिजतो. कॅलिपरचे शरीर मागे सरकत नसेल तर बाहेरचा. तिरपी झीज असेल तर दोन पिनांपैकी एकच अडकली असण्याचा संभव. खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण पुढे कुठे पाहायचे ते तिने सांगितले. वरची पिन बोटाने आत-बाहेर झाली. खालची हलेना. पक्कडीने पिळत पिळत, पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली.

काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीच्या टोकाशी रबराची छोटी बाही असते, खडखड होऊ नये म्हणून. ती बाही भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. आणि तिच्याभोवती पिवळसर ग्रीस होते.

उस्तादांनी ते बोटावर घेतले, चोळले, वास घेतला. "ये ग्रीस किसने लगाया?"

मी काही क्षण गप्प राहिलो. खरे तर त्यांच्याच दुकानातल्या मुलावर ढकलून मोकळे होता आले असते, कारण चैत्रात पॅड बदलले तेव्हा पिना त्यानेच बसवल्या होत्या आणि त्या दिवशी उस्ताद लग्नाला गेले होते. पण त्या मुलाच्या हातात डबा दिला होता मी. पद्मिनीच्या चाकांच्या बेअरिंगसाठी आणलेल्या ग्रीसचा, माळ्यावर जपून ठेवलेला, निम्मा डबा. दुकानातले संपले होते, मुलगा आणायला जातो म्हणाला होता, आणि मी म्हणालो होतो, "ग्रीस ते ग्रीस, कशाला धावतोस?" ही माझी दुसरी चूक, आणि तिच्यापायीच पहिलीची वेळ आली. मी ते उस्तादांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. आत गेले, आणि त्या मुलाला बोलावून ती फुगलेली बाही त्याच्या तळहातावर ठेवली. मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याला मी "तुझी चूक नाही" असे म्हणालो, पण ते शब्द चार महिने उशिरा म्हटले गेले.

येथे थोडे थांबून या ग्रीसचा विचार करू. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस खनिज तेलापासून केलेले असते. ब्रेकमधले रबर हे ब्रेकचे तेल सोसण्यासाठी निवडलेले असते. खनिज तेल त्याला सोसत नाही, ते शोषून रबर फुगते आणि मऊ पडते. हीच गोष्ट इंजिन ऑइलची, डिझेलची, रॉकेलची आणि पेट्रोलची. ब्रेकचे भाग पेट्रोलने धुण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. धुताना ते लख्ख दिसतात, आणि आतल्या रबराचे आयुष्य त्या पेट्रोलाबरोबर वाहून जाते. पिनांसाठी सिलिकोनचे किंवा ब्रेकसाठीच म्हणून बनवलेले ग्रीस मिळते. त्याची लहानशी नळी वर्षानुवर्षे पुरते. धुवायला ब्रेक क्लीनर, आणि दट्ट्यासारखे आतले भाग असतील तर ताजे ब्रेक ऑइलच वापरावे. ब्रेकची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून उडवू नये. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्यांची भुकटीही छातीत जाण्याजोगी नव्हे. ओल्या फडक्याने टिपावी.

दुरुस्ती मग फारशी उरली नाही. दोन्ही बाजूंच्या पिनांचे बूट आणि बाह्या नव्या घातल्या. उजवीकडची बाहीही फुगू लागली होती, फक्त तिने अजून तक्रार केली नव्हती. पिनेची छिद्रे चिंधीने कोरडी केली, नव्या ग्रीसचा पातळ हात दिला. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका धुरेवर एक नवा आणि एक जुना असा संसार नीट चालत नाही. तबकडीवर निळसर डाग पडले होते. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी माप ताडून पाहिले, पृष्ठ सरळ असल्याची खात्री केली आणि ती ठेवली. चाकाचे बेअरिंग फिरवून, कान देऊन पाहिले, कारण एवढ्या उष्णतेत त्याचेही ग्रीस वितळून जाऊ शकते.

नवे पॅड जाड असतात, त्यामुळे दट्ट्या मागे सारावा लागतो. पुढच्या चाकांचा दट्ट्या सी-क्लँपने सरळ दाबून मागे जातो. मागचा तसा जात नाही. त्याच्या पोटात तो हँडब्रेकचा स्क्रू आहे ना! त्याला दाबत दाबत फिरवावे लागते, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. दट्ट्याच्या तोंडावर त्यासाठी खाचा असतात, आणि शेवटी त्यांतली एक खाच पॅडच्या पाठीवरील खुंटीसमोर यावी लागते. हे न जाणता जोर लावला तर आतला स्क्रू मोडतो, आणि मग खरोखरच नवे कॅलिपर लागते. ज्या गाड्यांना बटणाचा विजेचा हँडब्रेक आहे, तिथे तर आधी त्याची मोटर यंत्राने मागे घ्यावी लागते. घरी खटपट करूच नये. दट्ट्या मागे येताना टाकीतले तेल वर चढते, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे. ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग खाते.

आमचा दट्ट्या सहज फिरत मागे गेला, म्हणजे चौथा संशयित निर्दोष सुटला. तो अडकला असता तर रबरी धूळरक्षक सोलून दट्ट्या बाहेर काढून पाहावा लागला असता. त्यात लक्ष द्यायचे ते दट्ट्याच्या पृष्ठभागाकडे. रबरी कडे सिलिंडरच्या खाचेत बसलेले असते आणि दट्ट्या त्याच्यावरून सरकतो. तेव्हा दट्ट्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवा दट्ट्या घ्यावा, नुसते कडे बदलून भागत नाही. हे काम मात्र हात बसलेल्या कारागिराचे.

घाटात उकळलेले ब्रेकचे तेल सगळे बदलले. हे तेल हवेतला ओलावा पिते आणि ओलावा जितका अधिक तितके ते लवकर उकळते. डॉट ३ जातीचे तेल नवे असता किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात शेकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आमच्या डब्यातले तेल चार वर्षांचे होते. दोन वर्षांनी बदलावे हे मला ठाऊक होते, एवढेच त्याविषयी म्हणतो.

सगळे जोडून झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पहिला दाब थेट तळाला जातो, कारण दट्ट्याला पॅडपर्यंत पुढे यायचे असते. तो पहिला दाब रस्त्यावर पडू नये. त्यानंतर हँडब्रेकची केबल जोडून तिचा ताण ठरवावा, आधी नव्हे.

आपल्या घरांत एक प्रसंग वारंवार येतो, म्हणून आणखी थोडेसे. लग्नकार्यासाठी म्हणा, बाळंतपणासाठी म्हणा, आपण महिना-महिना पुण्या-मुंबईकडे जातो आणि गाडी अंगणात उभी असते, पावसाळ्यात तर ओलीच. जाताना हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नये. परत येईपर्यंत केबल गंजते, पॅड तबकडीला चिकटतात. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावाव्यात. आणि परतल्यावर पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडी थांबवून चारही चाकांपाशी हात नेऊन पाहावा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर घाट चढू-उतरू नये.

कार्तिकात आम्ही पुन्हा निघालो. वहिनींनी तो विषय काढला नव्हता, मीही काढला नाही. भेरूघाट उतरून बलवाड्याला चहासाठी थांबलो तेव्हा मी पैसे देत होतो. वळून पाहतो तो त्या गाडीभोवती फिरत होत्या. पदर सावरून एकेका चाकापाशी वाकत, हाताचा मागचा भाग जवळ नेत. नात त्यांच्या मागोमाग तेच करीत होती.

"पुढची दोन गरम आहेत," त्या म्हणाल्या, "मागची दोन कोमट. असेच हवे ना?"

"असेच हवे," मी म्हणालो.

"मग चला."